विंडोजचं मेल ॲप बंद, आउटलुकही बदललं. मग तुमचे ईमेल नक्की राहतात कुठे?

३१ डिसेंबर २०२४. जग थर्टी फर्स्टच्या तयारीत होतं आणि इकडे मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं ‘मेल अँड कॅलेंडर’ हे ॲप बंद करून टाकलं. बंद म्हणजे खरोखर बंद. त्या तारखेनंतर त्यातून नवा मेल जातही नाही आणि येतही नाही. कम्प्युटरवर आधीपासून साठलेलं जे असेल ते बाहेर काढून घ्या आणि आमचं ‘नवीन आउटलुक’ वापरा, असं कंपनीने सांगितलं. पुढे फेब्रुवारी २०२५ च्या अपडेटबरोबर हे नवीन आउटलुक विंडोज १० च्या कम्प्युटरवर न मागता येऊनही बसलं.

आपल्याकडे याची फार चर्चा झाली नाही. कशी होणार? आपल्यातले बहुतेक जण मेल बघतात ते फोनवर, नाहीतर ब्राउझरमध्ये जीमेल उघडून. मेलसाठी कम्प्युटरवर वेगळं सॉफ्टवेअर असतं, हे माझ्या वयाच्या अनेकांना पहिल्या नोकरीत कळलं. पण एखाद्या सीएच्या ऑफिसात, एमआयडीसीतल्या कारखान्यात, वकिलाकडे किंवा एक्सपोर्टचं काम करणाऱ्याकडे जाऊन बघा. सकाळी पहिलं उघडतं ते आउटलुक. दहा-बारा वर्षांचा पत्रव्यवहार, परचेस ऑर्डर, नोटिसा, क्लायंटबरोबर झालेली बाचाबाची, सगळं त्यात. या लोकांना आता धास्ती आहे, की हे असं अजून किती दिवस चालणार?

कुठलं सॉफ्टवेअर जास्त सोयीचं, एवढाच वाद असता तर ज्याने त्याने आपापलं बघावं म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्याच्या आड एक मोठा प्रश्न आहे. तुमच्या मेलची एक तरी प्रत तुमच्या स्वतःच्या ताब्यात आहे का?

मेल ‘घरी आणणं’ म्हणजे काय?

पोस्टाचं उदाहरण घेऊ. तुमच्या नावाची पत्रं आधी पोस्टात जमा होतात. इथे पोस्ट म्हणजे मेल कंपनीचा सर्व्हर. ती वाचायच्या तीन रीती आहेत.

पहिली, पोस्टात जायचं, सगळी पत्रं उचलून घरी आणायची आणि कपाटात ठेवायची. याला ‘पॉप’ म्हणतात. यात बहुतेक वेळा सर्व्हरवरची मूळ प्रत काढून टाकली जायची. दुसरी, पत्रं पोस्टातच राहू द्यायची, पण घरी त्यांचा आरसा ठेवायचा. पोस्टात पत्र आलं की आरशात दिसतं, घरी फाडलं की पोस्टातलंही जातं. हे ‘आयमॅप’. मार्क क्रिस्पिन यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८६ मध्ये त्याची सुरुवात केली. तिसरी रीत वेबमेलची. घरी काहीच आणायचं नाही. दरवेळी पोस्टात जायचं, तिथल्याच टेबलावर बसून पत्र वाचायचं आणि परत यायचं.

पहिल्या दोन रीतींची खरी ताकद अशी, की पॉप आणि आयमॅप कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. ते खुले नियम आहेत. त्यामुळे मेल एका कंपनीचा आणि तो वाचायचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कुणाचं, असं चालतं. तुमचा व्हॉट्सॲपचा मेसेज तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये उघडू शकता का? इमेलमध्ये हे चाळीस वर्षं चालत आलंय. आज धोका आहे तो या मोकळीकीला.

मग आपण सगळे वेबमेलकडे का गेलो?

कारण ते सोयीचं होतं, आणि यात लाजण्यासारखं काही नाही.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. फोनच्या लाइनवरून जोडणी, मीटर सतत पळत असणार. अशा वेळी कनेक्ट करायचं, मेल खाली उतरवायचे, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायचं, हाच शहाणपणा होता. डेस्कटॉप सॉफ्टवेअर त्यासाठी अगदी योग्य. पण ज्यांच्या घरी कम्प्युटरच नव्हता त्यांचं काय? ते गेले सायबर कॅफेत. तिथल्या कम्प्युटरवर आपले मेल उतरवून ठेवणं म्हणजे आपली पत्रं हॉटेलच्या टेबलावर विसरून येण्यासारखं. त्यांच्यासाठी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला सुरू केलेलं हॉटमेल आणि मुंबईच्या रेडिफचं रेडिफमेल हे वरदान ठरलं. म्हणजे भारतातल्या कित्येकांनी वेबमेलच्या आधी दुसरं काही पाहिलंच नाही.

मग आलं २००४. १ एप्रिलला गूगलने जीमेल जाहीर केलं आणि १ जीबी जागा देऊ म्हणाले. हॉटमेल तेव्हा फुकट खात्याला २ एमबी देत होतं, याहू ४ एमबी. त्यात तारीख १ एप्रिल, त्यामुळे अनेकांना ही थट्टाच वाटली. पण जागेची चिंता संपली की पत्रं घरी आणायचं कारणही संपतं. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मोझिलाने थंडरबर्ड या फुकट डेस्कटॉप सॉफ्टवेअरची पहिली पूर्ण आवृत्ती आणली. एकाच वर्षी दोन्ही वाटा खुल्या झाल्या आणि गर्दी कुठे गेली ते आपण बघतोच आहोत.

डेस्कटॉप सॉफ्टवेअरचं कौतुक करताना त्याचे घोटाळे विसरायला नकोत. जुन्या आउटलुकमध्ये सगळा मेल ‘पीएसटी’ नावाच्या एकाच फाइलमध्ये साठायचा. २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये ती फाइल २ जीबीच्या जवळ गेली की खराब व्हायची आणि मग ऑफिसात रडारड. हार्ड डिस्क गेली की मेल गेले. लॅपटॉप चोरीला गेला की मेलही चोराकडे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, तो आउटलुकमधल्याच पत्त्यांच्या यादीवर स्वार होऊन. स्पॅम आणि फसवे मेल अडवण्यात आजचं जीमेल कुठल्याही एकट्या माणसाच्या कम्प्युटरपेक्षा कितीतरी पुढे आहे. बॅकअपची शिस्त नसलेल्या माणसासाठी वेबमेलच सुरक्षित, हे मान्यच करायला हवं.

दार बंद झालं नाही, पण चावी बदलली

आता अलीकडे काय घडलंय ते पाहू. पूर्वी थंडरबर्डमध्ये जीमेलचं खातं जोडायचं तर पत्ता आणि पासवर्ड टाकला की काम झालं. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ही साधी पद्धत थांबवली. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून कंपन्यांच्या खात्यांसाठी आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी तेच केलं. आता सॉफ्टवेअरला पासवर्ड न देता गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर जाऊन ‘या ॲपला परवानगी आहे’ असं सांगावं लागतं. या पद्धतीला ‘ओऑथ’ म्हणतात.

सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. साधे पासवर्ड चोरीला जातात, तसं यात सहजी होत नाही. पण परिणाम बघा. आता नुसते खुले नियम पाळून भागत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला आधी त्या कंपनीकडे नोंदणी आणि पडताळणी करावी लागते. सोसायटीच्या गेटवर कुरिअरवाल्याला आधीच नाव नोंदवावं लागतं तसं. थंडरबर्डसारख्या मोठ्या प्रकल्पाला ते जमतं, एकट्यादुकट्या डेव्हलपरला जड जातं. बाकी, गूगलने जीमेलचं आयमॅप बंद केलेलं नाही. उलट जानेवारी २०२५ पासून ते सगळ्या वैयक्तिक खात्यांना कायम चालूच असतं. त्यामुळे ‘आता सगळं बंद होणार’ ही ओरड खरी नाही. दार उघडं आहे, फक्त आत कुणाला सोडायचं हे ठरवणारा वॉचमन कंपनीचा आहे.

नवीन आउटलुकची तऱ्हा तर वेगळीच. दिसायला ते कम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, आतून मात्र बरंचसं वेबसाइटसारखं. जुन्या आउटलुकला जोडून चालणारी अनेक छोटी सॉफ्टवेअर, ज्यांना कॉम ॲड-इन म्हणतात, ती यात चालत नाहीत. पण वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवरून. नोव्हेंबर २०२३ मध्ये हाइझे या जर्मन प्रकाशनाने दाखवून दिलं, की तुम्ही दुसऱ्या कंपनीचं आयमॅप खातं नवीन आउटलुकमध्ये जोडलं, तर त्याचा पासवर्ड मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जातो आणि तुमचा मेलही आधी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये येतो. जर्मनीच्या डेटा संरक्षण आयुक्तांनी जाहीर चिंता व्यक्त केली. खातं जोडताना ‘तुमचा डेटा आमच्या क्लाउडशी जोडला जाईल’ अशी सूचना ॲप दाखवतं, हे खरं. पण ती सूचना वाचून थांबणारा माणूस तुम्ही पाहिलाय का?

म्हणजे ज्यांनी मेल घरी राहावा म्हणून सॉफ्टवेअर घेतलं, त्यांचा मेल आता एकाऐवजी दोन कंपन्यांकडे.

थंडरबर्ड मेलं म्हणता म्हणता वाचलं

या सगळ्यात थंडरबर्डची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. कारण डेस्कटॉप सॉफ्टवेअरची अडचण लोकांच्या नावडीपेक्षा पैशाची जास्त आहे, हे तिच्यातून दिसतं.

मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग येतो तो फायरफॉक्समध्ये गूगल सर्च ठेवण्याच्या करारातून. ब्राउझरमध्ये सर्चचा डबा असतो, तो विकता येतो. मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये विकण्यासारखं काय आहे? जुलै २०१२ मध्ये मोझिलाने सांगून टाकलं, की थंडरबर्डमध्ये नवीन सोयी आणण्यावर आता आपण ताकद लावणार नाही. २०१५ च्या अखेरीला प्रमुख मिचेल बेकर यांनी थंडरबर्ड मोझिलापासून वेगळं व्हावं अशी भूमिका घेतली. त्या काळात थंडरबर्ड संपलं, असंच बहुतेकांनी धरून चाललं होतं.

पण ते चालवणारे स्वयंसेवक हटले नाहीत. २०१७ मध्ये मोझिला फाउंडेशनच्याच छत्राखाली राहायचं ठरलं, २०२० मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी झाली आणि वापरणाऱ्यांकडून थेट देणग्या मागायला सुरुवात झाली. २०२१ मध्ये साधारण २८ लाख डॉलर जमले. २०२२ मध्ये तोच आकडा ६४ लाख डॉलरच्या वर गेला. जाहिरात नाही, डेटा विकणं नाही. २०२३ च्या जुलैत नवं रूप आलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइडवरचं ॲप आलं.

एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ‘थंडरमेल’ नावाची स्वतःची मेल सेवाही जाहीर केली. मला ही बातमी सगळ्यात बोलकी वाटते. दुसऱ्यांच्या दारात उभं राहून फार काळ निभणार नाही, आपलंही एक पोस्ट ऑफिस हवं, असा हिशेब त्यामागे असावा.

खातंच बंद झालं तर?

‘माझा मेल गूगलकडे आहे, बिघडलं कुठे?’ असं वाटत असेल तर गुजरातमधलं एक प्रकरण बघा. एका इंजिनिअरने गूगल ड्राइव्हवर स्वतःचा बालपणीचा फोटो टाकला. दोन वर्षांचा असताना आजी अंघोळ घालतेय, असा. आपल्याकडे असे फोटो प्रत्येक घराच्या अल्बममध्ये सापडतील. गूगलच्या यंत्रणेने तो बालशोषणाचा मजकूर समजून मे २०२३ मध्ये त्याचं खातं बंद केलं. ड्राइव्ह गेलं, त्याबरोबर मेलही. तक्रार करून उपयोग झाला नाही, वर्षभराने डेटा पुसला जाण्याची वेळ आली, तेव्हा तो गुजरात हायकोर्टात गेला. मार्च २०२४ मध्ये कोर्टाने गूगलला आणि सरकारला नोटीस काढली.

हे झालं एका माणसाचं. आता एका आख्ख्या कंपनीचं ऐका. नायरा एनर्जी, गुजरातेतल्या वाडिनारची मोठी रिफायनरी चालवणारी, मुख्यालय मुंबईत. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांच्या आसपास हिस्सा. १८ जुलै २०२५ ला युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध लावले. २२ जुलैला मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवल्या. आउटलुक बंद, टीम्स बंद. भारतातली कंपनी, पैसे भरलेले, भारताचा असा कुठलाही निर्बंध नाही, तरी कर्मचाऱ्यांना स्वतःचेच मेल उघडता येईनात. नायरा दिल्ली हायकोर्टात गेली आणि ३० जुलैपर्यंत सेवा परत सुरू झाल्या. मधल्या काळात त्यांच्या मेलसाठी धावून आलं कोण, तर रेडिफ. नव्वदच्या दशकातलं आपलं तेच, मुंबईचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण डेस्कटॉपवाले ती अनेकदा सांगत नाहीत. नायराच्या सगळ्या लोकांकडे मेलच्या प्रती आपापल्या कम्प्युटरवर असत्या, तर जुना पत्रव्यवहार त्यांना वाचता आला असता. पण नवा मेल आला नसता. घरच्या कपाटात पत्रं आहेत म्हणून बंद पोस्टातून नवी पत्रं येत नाहीत. डेस्कटॉप सॉफ्टवेअर तुमचा भूतकाळ सांभाळतं. पुढचे मेल येत राहायचे तर पत्ता तुमचा हवा, म्हणजे @ च्या पुढचं डोमेन तुमच्या मालकीचं हवं. ते असेल तर एका कंपनीने दार लावलं तरी तोच पत्ता दुसऱ्या कंपनीकडे वळवता येतो. पत्ता जीमेल डॉट कॉमचा असेल, तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, तो पत्ता गूगलचाच.

केंद्र सरकारने नेमकं हेच केलंय. २०२३ मध्ये सरकारी मेलचं कंत्राट चेन्नईच्या झोहोला मिळालं आणि सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती झोहोच्या यंत्रणेवर गेली. पण पत्ते? ते आधीसारखेच, गव्ह डॉट इन आणि निक डॉट इन. उद्या झोहो बदलली तरी पत्ते सरकारकडेच राहणार.

कायदा काय म्हणतो?

फारसं काही नाही. युरोपच्या जीडीपीआर कायद्यात आपला डेटा उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क आहे. भारतात २०१९ च्या विधेयकात तो होता, पण २०२३ मध्ये प्रत्यक्ष झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून तो गळला. आपल्या डेटाबद्दल माहिती मागणं, दुरुस्ती किंवा खोडणं मागणं हे हक्क त्या कायद्यात लिहिलेले आहेत, ‘माझं सगळं बांधून द्या, मी दुसरीकडे चाललो’ असं हक्काने म्हणायची सोय नाही. युरोपही सगळीकडे कडक आहे असं नाही. मोठ्या कंपन्यांना वेसण घालणाऱ्या डिजिटल मार्केट्स कायद्यातून जीमेल आणि आउटलुक डॉट कॉम यांना सप्टेंबर २०२३ मध्ये वगळण्यात आलं.

म्हणजे आज गूगल आपला मेल उतरवून घेऊ देतं ती त्यांची सोय आहे. आपल्या कायद्याने त्यांच्यावर तशी सक्ती नाही.

तर मग करायचं काय?

वेबमेल सोडायची गरज नाही. पण एक प्रत काढून ठेवायला एक सुट्टीचा दिवस पुरतो. गूगलच्या ‘टेकआउट’ या सोयीतून सगळा मेल एमबॉक्स नावाच्या फाइलमध्ये मिळतो, अटॅचमेंटसकट. किंवा थंडरबर्डमध्ये खातं जोडून महत्त्वाचे मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करता येतात. कॉपीच, मूव्ह नाही. नुसतं आयमॅपने जोडून ठेवलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. तो आरसा आहे, सर्व्हरवरचं पुसलं गेलं तर आरशातलंही जातं. ती प्रत मग वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. आणि घरात कुणाचं जुनं जीमेल खातं नुसतं पडून असेल तर अधूनमधून लॉगिन करा. डिसेंबर २०२३ पासून गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसू शकतं. वारलेल्या माणसाच्या खात्याला हा नियम लागू होतो तेव्हा काय होतं, याचा विचार बहुतेक घरांनी केलेलाच नाही.

छोट्या व्यवसायाने अजूनही जीमेल डॉट कॉमचा पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला असेल तर स्वतःचं डोमेन घ्यावं. फक्त ते कुणाच्या नावावर नोंदलंय ते बघा. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर असेल, तर तुम्ही फक्त मालक बदललाय.

ज्यांचं सगळं जुन्या आउटलुकवर चालतं त्यांना थोडी उसंत आहे. या ‘क्लासिक’ आउटलुकला निदान २०२९ पर्यंत सपोर्ट देऊ, असं मायक्रोसॉफ्टने म्हटलंय. तेवढ्यात पीएसटी फाइल कुठल्या कम्प्युटरवर आहेत याची यादी करून घ्या, आणि त्यातली एखादी दुसऱ्या मशीनवर, इंटरनेट बंद ठेवून, उघडते का ते बघा.